सहमूळ

सुकुमार मगदूमच्या डोक्यातलं यंत्र बंद पडणार होतं, आणि त्यात बिघाड काहीच नव्हता.

तासगावच्या बाहेर मगदूमांची द्राक्षकलमांची नर्सरी होती. जंगली खुंटाला चीर द्यायची, तिच्यात जातिवंत काडीची पाचर बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची, एवढंच ते काम. पण सुकुमारने बांधलेलं कलम सहसा मरत नसे. लोक विजापूरहून त्याची रोपं न्यायला येत. पंचेचाळिशीत त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. पुढच्या काही वर्षांत पार्किन्सनने त्याला खुर्चीत बसवलं. गोळीचा असर तासाभरात उतरायचा, आणि मग त्याची बायको सुजाता त्याच्या तोंडात घास घालून तो गिळेपर्यंत वाट बघत बसायची.

मग पुण्याच्या एका इस्पितळात त्याला 'स्थिरा' बसवलं. काडेपेटीहून लहान यंत्र कवटीच्या हाडातच रोवलेलं आणि त्यातून निघालेल्या दोन बारीक तारा मेंदूत खोलवर गेलेल्या. जिथल्या पेशी भलत्याच तालात एकदम उसळत होत्या तिथे हे यंत्र मोजूनमापून वीज सोडायचं, आणि तो गोंधळ शांत व्हायचा. आठवड्यातून एकदा एक टोपी डोक्यावर घालून ते चार्ज करायचं, बस्स. यंत्र सुरू केलं त्या दिवशी सुकुमारने शर्टाची सगळी बटणं स्वतः लावली, मग काढली, मग पुन्हा लावली. नर्स हसायला लागली. सुजाता मात्र बाहेर जाऊन रडली.

माणसाच्या मेंदूत शिरलेल्या यंत्राला कुणीही बाहेरून हुकूम देऊ शकेल, हे धोक्याचं होतं. म्हणून कंपनीने प्रत्येक यंत्राला स्वतंत्र कुलूप ठेवलं होतं आणि त्याची किल्ली फक्त कंपनीकडे. दर दोन वर्षांनी कंपनीने त्या किल्लीने सही करून परवाना पाठवायचा. तो आला नाही तर आपण चुकीच्या हाती पडलोय असं यंत्र समजायचं आणि महिन्याभरात वीज थोडी थोडी कमी करत थांबायचं.

कंपनी बुडाली. रुग्णांच्या मेंदूच्या किल्ल्या कुणी लिलावात विकत घेऊ नयेत म्हणून कोर्टाने त्या कायमच्या पुसून टाकायला लावल्या. सगळं अगदी कायद्याप्रमाणे झालं. सुकुमारच्या परवान्याला तेव्हा पाच महिने उरले होते.

"दुसरं यंत्र बसवा की," सुजाता डॉक्टरांना म्हणाली.

"पहिल्या वेळी रक्तस्राव झाला होता, आठवतंय ना? या तारा ओढून काढायच्या म्हणजे..." डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. "मी तरी हात लावणार नाही."

* * *

डॉ. वसुधा रेगे पुण्याहून स्वतः गाडी चालवत नर्सरीत आल्या. साठीच्या, आखूड केसांच्या, घाईने बोलणाऱ्या. आयुष्यभर त्यांनी गणितातला अंकसिद्धांत शिकवला होता. 'स्थिरा'च्या रुग्णांची बातमी वाचून त्यांनी आपणहून संपर्क केला होता. चहा येईपर्यंतही त्यांना दम नव्हता. सुकुमारची टोपी फोनला जोडून त्यांनी यंत्राला त्याची ओळख विचारली, आणि पडद्यावर आकडे धावू लागले.

"हे तुमचं कुलूप," त्या म्हणाल्या. "सहाशे सतरा अंकी एक पूर्ण संख्या. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करून बनवलेली. कुलूप उघडच असतं, कुणीही बघावं. त्या दोन मूळ संख्या म्हणजे किल्ली."

"म्हणजे हिचे अवयव पाडायचे?" सुकुमार म्हणाला. "शाळेत पाडायचो की."

"शाळेत तुम्हाला पाच हजार एकशे त्र्याऐंशी दिले, तर तुम्ही कधीतरी एकाहत्तर गुणिले त्र्याहत्तरपाशी पोचाल. ही संख्या मूळ नाही, तिला कशाने तरी भाग जातो, एवढं माझा फोनसुद्धा सांगतो. पण कशाने, ते जगातली सगळी यंत्रं मिळून सूर्य विझेपर्यंत शोधत राहिली तरी सापडायचं नाही. हे ज्यांना जमेल असे मोठे क्वांटम संगणक ज्यांच्याकडे आहेत ते कबूल करत नाहीत. आहेत असं जे सांगतात, त्यांचे तेवढे मोठे नाहीत." त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "अवयव सापडत नाहीत म्हणून जग सुरक्षित आहे, असं मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. अभिमानाने शिकवलं."

"मग तुम्ही आलात कशाला?" सुजाताने विचारलं.

रेगेबाईंनी कागद मागितला. "कारण कंपनीने आळस केला असावा असा मला संशय आहे. प्रत्येक यंत्र कारखान्यात पहिल्यांदा चालू झालं की ते स्वतःच दोन मूळ संख्या निवडायचं आणि कंपनीला कळवायचं. त्यासाठी नशिबाचे फासे टाकावे लागतात. नुकतं जागं झालेलं यंत्र फासे नीट टाकत नाही. पाठोपाठ जागी झालेली दोन यंत्रं एखादा फासा सारखाच टाकू शकतात. म्हणजे दोन कुलपांत एक मूळ संख्या तीच."

"मग?"

"मग मसावि. सहावीतला." त्यांनी ५१८३ लिहिलं, त्याखाली ६३१९. "समजा ही दोन कुलपं. अवयव माहीत नाहीत. मोठ्यातून लहान वजा करा. अकराशे छत्तीस. आता लहानाला याने भागून बाकी घ्या. असं करत राहा." पेन भराभर चाललं आणि ७१ वर थांबलं. "दोघांत सामाईक असलेला अवयव आपोआप बाहेर पडला. शोधावा लागलाच नाही. सहाशे अंकी संख्यांनाही हे क्षणात होतं. एक अवयव मिळाला की भागाकाराने दुसरा, आणि दोन्ही मिळाले की परवान्यावर सही आपण करायची."

"आणि सामाईक नसला तर?" सुकुमारने विचारलं.

"तर उत्तर एक येतं. अशा संख्यांना सहमूळ म्हणतात." रेगेबाईंनी पेनाला टोपण लावलं. "नाव चुकीचंच आहे. त्यांच्यात काहीही सामाईक नसतं."

* * *

नर्सरीच्या ऑर्डरी सुजाताच घ्यायची. चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांशी तिचं फोनवर बोलणं असायचं, त्यामुळे अनोळखी माणसाला बोलतं करणं तिला जड नव्हतं. 'स्थिरा' बसवलेल्या इतर रुग्णांच्या घरचे आपल्या कुलपाचा आकडा द्यायला घाबरत. आमच्या माणसाच्या मेंदूचं कुलूप तुमच्या हाती कसं द्यायचं, असं विचारत. सुजाता म्हणायची, "किल्ली गेली, दादा. आता कुलूप सांभाळून काय करताय?"

आकडे जमत गेले. आणि एका दुपारी रेगेबाईंचा संशय खरा ठरला. जालन्याचे एक वकील आणि बेळगावची एक बाई, दोघांच्या संख्यांना सामाईक अवयव निघाला. दोघांचे परवाने नवे झाले. त्या बाईने आपला चालतानाचा व्हिडिओ पाठवला. सुकुमारने तो दोनदा पाहिला. "चांगलं झालं," म्हणाला आणि उठून रोपांना पाणी सोडायला गेला.

त्या दोघांच्या यंत्रांचे अनुक्रमांक लागोपाठचे होते. सुकुमारच्या पुढचं यंत्र कुणाला बसवलंच गेलं नव्हतं. मागचं श्रीरामपूरच्या शमुवेल ओहोळ नावाच्या निवृत्त मुख्याध्यापकांना बसवलं होतं.

सुजाताने फोन लावला. त्यांच्या पत्नीने, मार्थाबाईंनी, उचलला.

"सर गेले," त्या म्हणाल्या. "कंपनी बंद झाली त्याच पावसाळ्यात त्यांची मुदत संपली. यंत्र थांबलं आणि पंधरा दिवसांत ताप, अंग लाकडासारखं. यंत्र त्यांच्याबरोबरच आहे, बाई. आमच्यात दफन करतात."

सुजाताने रेगेबाईंना विचारलं. रेगेबाई म्हणाल्या, "टोपी जवळ नेली की यंत्राला वीज टोपीतूनच मिळते. माणूस जिवंत असायला लागत नाही." आणि लगेच, "मी तुम्हाला जा म्हणत नाही."

सुकुमारची मुदत त्या आठवड्यात संपली होती. वीज उतरायला लागली होती. पहिल्यांदा सही गेली, मग बटणं.

* * *

मार्थाबाईंचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. सडसडीत, सत्तरीला टेकलेल्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "नाही. मला नाही जमणार ते."

"बरं," सुजाता म्हणाली. तिने वाद घातला नाही. ती तिथेच बसून राहिली.

थोड्या वेळाने मार्थाबाईंनी विचारलं, "तुमच्या मालकांना बोलता येतं अजून?"

"सकाळी येतं थोडं."

"लावा फोन."

सुकुमारचा आवाज बारीक, एकसुरी झाला होता. मार्थाबाईंनी स्पीकर लावून फोन कानाजवळ धरला. "मी मार्था ओहोळ बोलतेय, भाऊ. तुमच्या मिसेस इथं आल्यात."

"ताई," पलीकडून एकेक शब्द येत होता. "तिचं ऐकू नका. सरांना उकरू नका. झोपू द्या. मी बघतो माझं."

मार्थाबाईंनी फोन परत दिला. खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "सर पण असेच," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी म्हणायचे, मार्था, मला राहू दे, तू जेवून घे." मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पाळकांशी मी बोलते. तहसीलदारांकडे अर्ज तुम्ही करा."

"अहो नको म्हणतायत ते," सुजाता म्हणाली. तिला स्वतःच्याच तोंडून ते ऐकून नवल वाटलं.

"म्हणून तर. करा म्हणाले असते तर मी केलं नसतं."

* * *

परवानगी यायला दोन आठवडे गेले. तोवर सुकुमारला उठून बसवायला दोन माणसं लागू लागली. शेजारच्या बायकांवर त्याला सोडून सुजाता पुन्हा श्रीरामपूरला गेली, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

दफनभूमीत कोवळं ऊन होतं. पाळकांनी प्रार्थना केली. दोघे मजूर हळूहळू खणत होते. फावडं लाकडाला लागल्याचा आवाज आला तसे ते हातांनी माती काढू लागले. मार्थाबाई जवळच्या दगडी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना लांब थांबा असं पाळकांनी दोनदा सांगितलं, त्या हलल्या नाहीत. झाकण जरासंच सरकवलं. सुजाता गुडघ्यांवर वाकली आणि आपल्या नवऱ्याची टोपी तिने आत, कापडावरून, जिथे डोकं असायला हवं तिथे टेकवली. ती तोंडाने श्वास घेत होती.

फोनवर काहीच आलं नाही. तिने टोपी थोडी सरकवली. मग पडद्यावर आकडे उमटले आणि ओळींमागून ओळी धावू लागल्या.

"आलं?" मार्थाबाईंनी विचारलं.

"आलं."

त्यांनी जवळ येऊन पाहिलं. "केवढा मोठा आकडा," त्या पुटपुटल्या. "सरांना गणित फार आवडायचं."

सुजाताने तो रेगेबाईंना पाठवला आणि बाजूला, गेटपाशी गेली. मजूर माती लोटायला लागले होते. फोन लगेच वाजला. रेगेबाईंनी निरोप पाठवला नाही, स्वतः फोन केला, तेव्हाच सुजाताला समजायला हवं होतं.

"एक आला," रेगेबाई म्हणाल्या.

"एक म्हणजे अवयव एक मिळाला?"

"नाही, सुजाता. उत्तर एक. सहमूळ आहेत. मी तीनदा केलं."

"पण लागोपाठची यंत्रं..."

"लागोपाठची आहेत. फासे वेगळे पडले. तुमचं यंत्र व्यवस्थित होतं, त्याने काम चोख केलं. त्याच्या संख्येला दोन अवयव आहेत. आत्ता, या क्षणी आहेत. मला ते सापडत नाहीत, एवढंच. मला माफ करा."

सुजाता वळली. मार्थाबाई तिच्याकडेच येत होत्या, साडीच्या काठाला माती लागलेली. मागे कबर अर्धी भरली होती.

"जुळलं?"

सुजाताने ठरवलं असं काही नव्हतं. तोंडातून शब्द गेला. "जुळलं."

मार्थाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. आतापर्यंत डोळ्यांत टिपूस नव्हतं, त्या आता हुंदके देऊन रडल्या. "प्रभूची कृपा," म्हणाल्या. "मग वाया नाही गेलं. मला रात्रभर हीच भीती होती, बाई."

* * *

मार्थाबाई दर रविवारी दुपारी फोन करू लागल्या.

"कसे आहेत भाऊ?"

"बरे आहेत," सुजाता पहिल्यांदा एवढंच म्हणाली. पण तेवढ्याने मार्थाबाईंचं समाधान व्हायचं नाही. चालतात का? जेवतात हाताने? कामाला लागले का? सुजाता सांगत गेली. हो, चालतात. काल शेडमध्ये गेले होते. पट्टी अजून नीट गुंडाळता येत नाही म्हणून चिडतात.

हे सगळं ती सुकुमारच्या खाटेशेजारी बसून सांगायची, कारण त्याला सोडून लांब जाता येत नव्हतं. यंत्र आता पूर्ण थांबलं होतं. त्याचं अंग आखडलं होतं, आवाज गेला होता; डोळे मात्र तसेच होते. पहिल्या रविवारी तिचं खोटं ऐकून त्याने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या रविवारी मिटले नाहीत. पुढे पुढे फोन ठेवल्यावर तो तिच्याकडे असा बघत राहायचा की तिला वाटायचं, अजून काहीतरी सांगायला हवं होतं. म्हणून तिने सांगायला सुरुवात केली. यंदा माणिक चमन जातीची कलमं जास्त भरली. विजापूरची माणसं येऊन गेली. ह्यांनी त्यांना स्वतः गाडीपर्यंत सोडलं. घरात चालणारा, बोलणारा, रागावणारा सुकुमार आठवड्यातली दहा मिनिटं तेवढा शिल्लक होता.

रेगेबाई अधूनमधून नवे आकडे जमवून पडताळा घेत. त्याचं उत्तर सुजाता हल्ली विचारत नव्हती.

नाताळ होऊन चार दिवस झाले होते. मार्थाबाईंचा फोन रविवार नसतानाच आला. "सांगलीच्या स्टँडवर उतरलेय," त्या उत्साहात म्हणाल्या. "म्हटलं, न सांगता जावं. फराळ आणलाय. भाऊंना एकदा चालताना डोळ्यांनी बघते आणि संध्याकाळच्या गाडीने परत."

सुजाता नर्सरीची गाडी घेऊन त्यांना आणायला गेली. परतीच्या रस्त्यावर ती सांगणार होती. कवठ्याच्या फाट्यावर सांगायचं, मग पुलावर सांगायचं, असं ठरवत ती गाडी हाकत होती. मार्थाबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाहेरच्या द्राक्षबागा बघून विचारत होत्या, यातली भाऊंची कोणती? सुजाता बोटाने दाखवत होती. गाडी दारात येऊन थांबली.

मार्थाबाई आत गेल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

खाट, उशांचे टेकू, नाकातली नळी, वळलेली मनगटं. हे सगळं त्यांनी पूर्वी पाहिलेलं होतं. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तेव्हापासूनच."

"जुळलंच नव्हतं."

"नाही."

मार्थाबाईंनी डबा खाली ठेवला. खाटेपाशी जाऊन त्या सुकुमारच्या जवळ वाकल्या. त्याचे डोळे त्यांच्यावर खिळले होते. फोनवरचा तो आवाज आता त्याला ओळखू आला असावा, कारण डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं.

"तुमचं ऐकायला हवं होतं मी, भाऊ," त्या म्हणाल्या.

नंतर त्यांनी सुजाताला विचारलं, कुशीवर किती वेळाने वळवता, पाठीला जखम झालीय का. दोघींनी मिळून त्याला वळवलं. मार्थाबाईंचे हात सराईत होते. कुठे धरायचं ते त्यांना माहीत होतं. चहा त्यांनी घेतला नाही.

सुजाताने त्यांना गाडीने परत सांगलीला आणलं. स्टँडवर पुण्याची गाडी लागायची होती. दोघी बाकावर बसल्या. सुजाता म्हणाली, "मार्थाताई, मी मुद्दाम..."

"ठाऊक आहे. माझ्यासाठीच बोललात." त्या समोर बघत होत्या. "दर रविवारी तुमच्याशी बोलले की मी दफनभूमीत जाते. सरांजवळ बसते. त्यांना सांगते, सर, तुम्हाला उठवलं त्याबद्दल रागावू नका. तिकडे सांगलीकडे तुमच्यामुळं एक माणूस चालतोय, कलमं बांधतोय. काय काय बांधतोय, ते सगळं सांगते."

गाडी लागली. लोक दाराशी गर्दी करू लागले. मार्थाबाई उठल्या, पिशवी खांद्याला अडकवली.

"आता या रविवारी त्यांना काय सांगू?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. त्या थांबल्याही, सुजाता काही बोलेल म्हणून. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा त्या वळल्या आणि गाडीत चढल्या. खिडकीची जागा मिळाली होती, पण त्यांनी बाहेर पाहिलं नाही.